फळीचं तोंड

पुंजाजी मिस्त्री कुठेही गेले की आधी कडेवरून अंगठा फिरवायचे. कुणाच्या घरी गेले तर दाराच्या चौकटीवरून, शाळेत गेले तर बाकावरून, बँकेत गेले तर तिथल्या काउंटरवरून. रामराम त्यानंतर. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी नुकताच गल्ल्यावर बसायला लागलो होतो आणि मोठ्या हौसेनं नवा काउंटर करून घेतला होता. पुंजाजींनी त्याच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा नेला, मधे एका जागी थांबले, थोडे मागे आले, परत पुढे गेले.

"भाऊ, हे कोनं केलं?"

मी अभिमानानं कारागिराचं नाव सांगितलं.

"त्याले म्हना, जेवून काम करत जाय. इथी भूक लागली व्हती त्याले."

एवढं बोलून त्यांनी पाव किलो खिळे घेतले आणि गेले. मला राग आला. दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून मी स्वतः अंगठा फिरवला. ती जागा सापडली. फूटभर कड गुळगुळीत यावी आणि मधेच बोटभर जरा खरबरीत लागावी, असं होतं ते. तिथं कारागीर खरंच जेवायला उठला होता, हे मला घरच्यांनी नंतर सांगितलं.

माझं दुकान चिखलीत, बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हार्डवेअर आणि प्लायवूड. आजवर किती करवती विकल्या याचा हिशेब नाही, पण मी स्वतः कापलेत ते फक्त वाढदिवसाचे केक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या अज्ञानाचा मोठा वाटा आहे. गिऱ्हाइकापुढं मात्र मी असा बोलायचो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस पाळण्यातून करवत घेऊनच उतरला असेल.

पुंजाजी मूळचे जानेफळचे. वडील वखर, तिफण, बैलगाडीची चाकं करायचे, पुढे पुंजाजीही तेच करू लागले. ट्रॅक्टर आले आणि ते काम आटलं, तशी पुंजाजींनी चिखली गाठली आणि तिशी उलटल्यावर प्लायवूडचं काम शिकून घेतलं. बाभळीशी झटापट करणारा माणूस या नाजूक थरांच्या फळ्यांवर एवढा जीव लावील असं कुणाला वाटलं नसतं. "लाकडाले जीव असते, भाऊ," ते म्हणायचे, "अन् प्लायले तोंड असते." शीटची चांगली बाजू म्हणजे तोंड आणि मागची बाजू म्हणजे पाठ. हे सगळेच सुतार मानतात. पण पुंजाजींचा त्यापुढचा एक नियम होता: फळीचं तोंड कधी जमिनीकडे करायचं नाही. टेम्पोतून माल उतरवताना हमालांनी शीटा कशाही टाकल्या, तर हे स्वतः एकेक उलटून सरळ करत. हमाल वैतागायचे. मीही एकदा वैतागलो.

"पुंजाजी, शीट आहे ती. तिला काय कळतंय तोंड वर की खाली?"

"तिले नाई कळत. मले कळते." मग थोडं थांबून म्हणाले, "बाप गेला तवा मी दहा-बारा वर्साचा व्हतो. बापाले उचलून नेलं अन् काकानं सांगतलं, बाज पालथी घाल. बापानंच केलेली बाज. म्या पालथी घातली. तवापासून लाकडाचं तोंड खाली गेलं का घरातून कोनी गेलं असंच वाटते मले."

मी हमालांना सांगून टाकलं की मिस्त्री असतील तेव्हा तोंड वर. पुढं ते आमच्या दुकानाचं वळणच पडून गेलं.

साठी ओलांडली आणि त्यांचा उजवा खांदा धरला. आधी करवत मारताना कळ यायची, मग हात छातीच्या वर जाईना. गोकर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, रोज तेल चोळायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, हाताची करवत आता विसरा. पुण्याला कंपनीत असलेल्या मुलानं, दिलीपनं, लगेच फोन केला. पोरगा गुणी. दर महिन्याला न मागता पाठवणारा. तो म्हणाला, बाबा, खूप केलं, आता बसा.

हे सांगायला पुंजाजी दुकानात आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली. "बसा म्हंते तो," ते म्हणाले. "बसते कोन, भाऊ? उठाचं असते तो बसते. मले उठाचंच नाई म्हनल्यावर ते बसनं हाय का?" सुताराचं काम सुटलं तर आपण संपलो, हे त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण मला स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, "ते विजेचं कापाचं यंत्र दाखवा बरं. हलकं असन असं."

आता खरं तर आरा मशीनवर किंवा मोठ्या फर्निचरवाल्याकडे शीटा कापून मिळतात. तेही मी सुचवलं. पण पुंजाजी लोकांच्या घरी जाऊन, भिंतीला माप लावून काम करायचे. "तिथी सगळं काटकोनात कापून देतात," ते म्हणाले. "अन् भिंत वाकडी निघाली तं भिंत कापू का?"

तर यंत्र निवडणं सुरू झालं. ते सात मंगळवार चाललं.

पहिल्या मंगळवारी मी सात इंची पात्याची मोठी करवत काढली. ताकदवान, दणकट, माझ्या दुकानातली सगळ्यात देखणी वस्तू. त्यांनी ती उचलली, खांदा आवळला आणि परत ठेवली. "हे मले कापन का फळीले?" दुसऱ्या मंगळवारी मार्बल कटर दाखवला. आपल्याकडचे निम्मे सुतार लाकडाचं पातं लावून तोच वापरतात, तोही हलका असतो. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला. "हे दगडाचं हाय. अन् याले झाकन कुठी हाय? पातं उघडंच. बोटं धा हायत माह्यी, अन् धाच घेऊन जाचं हाय." जिगसॉ, म्हणजे ज्याचं पातं शिवणयंत्राच्या सुईसारखं वर-खाली होतं ते, चालू करून दाखवलं तर म्हणाले, "हे नाचून राह्यलं. नाचनाऱ्याकून सरळ रेघ नाई होत." बॅटरीवर चालणारी करवत त्यांना आवडली होती, पण चार्जिंगचं ऐकून हात काढून घेतला. "अर्ध्या फळीत बंद पडलं तं मी काय करू? फळीले म्हनू का, थांब, वीज जेवून येऊन राह्यली?"

शेवटी वरच्या फळीवर धूळ खात पडलेली एक लहान करवत मी खाली काढली. साडेचार इंची पातं, खाली फळीवर सपाट बसणारी पत्र्याची बैठक, आपोआप मिटणारं झाकण. मी ती कुणाला दाखवतच नसे, कारण गिऱ्हाइकाला मोठं यंत्र बघायला आवडतं. पुंजाजींनी ती कमरेच्या उंचीवर उजव्या हातात धरली आणि म्हणाले, "भाऊ, चहा सांगा."

मी दोन चहा सांगितले.

"एकच. तुमाले. तुमी प्या, मी धरून उभा राह्यतो."

मी चहा प्यालो. ते करवत धरून उभे. माझा कप रिकामा झाल्यावर म्हणाले, "अजून एक." असे त्या दिवशी मी तीन चहा प्यालो. तिसऱ्याला त्यांच्या कपाळावर घाम होता, पण खांदा दुखला नव्हता. मग त्यांनी डोळा खाली नेऊन बघितलं की पात्याजवळची रेघ दिसते की मोटारीच्या आड जाते. मी म्हणालो, याची ताकद कमी आहे बरं का. ते म्हणाले, "ताकद काय फळीले दाखवाची हाय? रेघ दिसली पाह्यजे." मग चालू करायला लावली आणि आवाज ऐकून विचारलं, "घरात लेकरू निजलं असन तं उठन का यानं?"

"उठेल."

"मंग लेकराच्या मायले ईचारून चालू करू."

अशी ती खरेदी झाली. मला वाटलं, चला, एका माणसाचा प्रश्न सुटला.

दुकानाच्या मागे मोकळी जागा आहे. तिथं एका खराब शीटच्या तुकड्यावर त्यांनी पहिला काप घेतला. नेहमीप्रमाणे तोंड वर, रेघ वर, हात स्थिर. करवत सरसर गेली. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. पुंजाजींनी अंगठा ठेवला आणि लगेच उचलला. वरच्या थराचे बारीक बारीक तुकडे सगळ्या कडेनं उडाले होते. उंदरानं भाकरी कुरतडावी तशी ती कड दिसत होती.

मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, "पात्याला दात कमी आहेत. जास्त दातांचं लावू." चाळीस दाती पातं लावलं. थोडं बरं झालं, पण कड फुटलीच. मी म्हणालो, रेघेवर कागदी चिकटपट्टी लावा. ती लावली, तर पट्टी काढताना वरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून आला. मग त्यांनी आपल्या मनानं रेघ आधी सुरीनं चिरून घेतली. एक काप नीट आला, पण तेवढं चिरताना खांद्यातून अशी कळ निघाली की ते दहा मिनिटं भिंतीला टेकून उभे होते. दिवसाकाठी तीस-चाळीस काप असतात. सगळे असे चिरून घेणं त्यांच्यानं होणार नव्हतं.

आणि काम अंगावर आलेलं. देशपांडेबाई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांनी नवं घर बांधलं होतं. बारा दिवसांवर वास्तुशांत. त्यांच्या मुलाचं म्हणणं होतं, तयार देवघर आणू. बाई हटून बसल्या होत्या की देवघर पुंजाजी मिस्त्रीच करतील. आणि तेही सागवानी विनियरच्या प्लायचं, म्हणजे ज्याच्या तोंडावर खऱ्या सागाचा पातळ पापुद्रा असतो. सनमायका लावायचा असता तर फुटलेली कड खाली झाकून गेली असती. विनियरमध्ये झाकायला काही नसतं. जे आहे ते दिसतं.

दोन दिवसांनी पुंजाजी करवत पिशवीत घालून घेऊन आले आणि काउंटरवर ठेवली.

"भाऊ, हे ठेवा. यंत्र चांगलं हाय. मीच जुना झालो."

"अहो, अजून एखादं पातं बघू की."

"नाई. बाईले दुसरा मिस्त्री पाहून द्या. चांगला देजा. रातच्याले दिलीपले फोन करतो. बसतो म्हंतो."

ते गेले आणि मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं मी हे विकत होतो, लोकांना सल्ले देत होतो, आणि एक साधा माणूस विश्वासानं माझ्याकडे आला तर मला त्याची कड सांभाळता येईना. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. निदान फोन केला का, एवढं तरी विचारावं म्हणून गेलो.

गोकर्णाबाई ओट्यावर पीठ चाळत बसल्या होत्या. पुंजाजी आत होते. "फोन नाई केला अजून," त्या हळूच म्हणाल्या. "रातभर कुशी बदलत व्हते." शेजारी पिठाचा डबा होता आणि त्यावर झाकण म्हणून प्लायचा एक चौकोनी तुकडा ठेवलेला होता. आमच्या दुकानामागं कापून पाहिलेल्यांपैकीच एक. मला सवय लागलीच होती, मी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड लोण्यासारखी होती.

"हा तुकडा कोणी घासला?" मी विचारलं.

"कोन घासते? तसाच हाय. वरची बाजू हाताले रुतत व्हती, म्हून म्या उलटा ठेवला. पाठीकून चांगलंच कापलं हाय की ते."

मी तुकडा उलटला. तोंडाकडून तीच कुरतडलेली कड. परत उलटला. पाठीकडून स्वच्छ. मी ओरडलोच, "पुंजाजी, बाहेर या!"

त्यांनी तुकडा हातात घेतला, दोन्हीकडून अंगठा फिरवला. मग माझ्या पिशवीतून करवत काढली, वायर कुठं लागलेली नाही हे बघितलं आणि बोटानं पातं हळूहळू फिरवलं, जसं ते कापताना फिरतं तसं. त्यांना एका क्षणात कळलं. मला जरा वेळ लागला. हाताच्या करवतीचे दात वरून खाली ढकलत कापतात, म्हणून वरची बाजू साफ राहते. त्यांचं तोंड वर ठेवणं आजवर बरोबरच होतं. या यंत्राचं पातं मात्र फळीत खालून वर येतं. जिथून दात बाहेर पडतात ती बाजू फुटते. म्हणजे वरची.

"दात खालून वर येऊन राह्यले," ते म्हणाले.

"मग झालं की!" मी उड्या मारायचाच बाकी होतो. "शीट उलटी टाकायची, तोंड खाली, आणि पाठीवर रेघ मारून कापायचं. सुटला प्रश्न!"

पुंजाजींनी करवत खाली ठेवली. "नाई."

"आता काऊन नाही?" त्यांच्याशी बोलता बोलता माझ्याही तोंडात 'का'च्या जागी काऊन बसला होता.

"दुसरं कायबी असतं तं मन घट्ट केलं असतं. देवघर हाय ते. देवाच्या घराचं तोंड मातीत घालू मी? पालथं?"

त्या पालथ्या बाजेची गोष्ट मला माहीत होती. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. एकीकडं त्यांचं सगळं काम, म्हणजे खरं तर सगळं जगणं, आणि एकीकडं दहा-बारा वर्षांच्या पोरानं उलटलेली बापाची बाज.

गोकर्णाबाईंची चाळण चालूच होती. पिठाकडं बघतच त्या म्हणाल्या, "अवो, देवापुढं लोटांगन घालता तवा तोंड कुठी असते तुमचं?"

पुंजाजींनी तो तुकडा परत हातात घेतला.

"ईचारून राह्यली मी. आभायाकडं असते का?"

"भुईकडं असते," ते म्हणाले.

"मंग ती फळी देवाच्याच घरी जाऊन राह्यली. तिनं घातलं एक डाव लोटांगन तं काय बिघडलं?"

चाळणीचा आवाज तेवढा येत राहिला. पुंजाजी कितीतरी वेळ त्या तुकड्याकडं बघत होते. मी आयुष्यात इतका वेळ तोंड मिटून बसल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. मग ते उठले आणि म्हणाले, "गोधडी दे वं एखांदी. धुतलेली."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बायकोवर सोडून देशपांडेबाईंच्या नव्या घरी गेलो. मला बोलावलं नव्हतं, पण दुकानात थांबवेना. पुंजाजींनी फरशीवर दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या, गोधडीची दोन टोकं घडी करून एकेकीवर टाकली आणि मधे चार बोटं जागा मोकळी सोडली, म्हणजे पातं तिथून जाईल आणि कापडाला लागणार नाही. पाठीवर मापं काढताना डाव्याचं उजवं होतं, ते त्यांनी दोनदा तपासलं. पातं फळीच्या खाली जेमतेम दातभर निघेल एवढंच उतरवलं. शीटचं एक टोक मला धरायला दिलं. तोंड खाली करण्याआधी ते थांबले, शीट मांडीला टेकवून हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. माझ्याही टोकाकडचे हात नकळत जुळले आणि शीट पडता पडता राहिली. त्यावरून मला एक शिवी बसली, ती देवघराच्या कामात आली म्हणून मी प्रसाद समजून घेतली.

करवत लागली, गेली, थांबली. आम्ही फळी उलटून तोंड वर केलं. पुंजाजींनी अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. कुठेही थांबला नाही. मग त्यांनी माझा हात धरला आणि माझा अंगठा त्या कडेवर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, आणि त्यात भुशाचा काही संबंध नव्हता.

देवघर वास्तुशांतीच्या दोन दिवस आधी उभं राहिलं. बाई बघायला आल्या, हरखल्या, चारचारदा दारं उघडून मिटून पाहिली. आता नमस्कार करून निघायचं तर पुंजाजी तिथंच उभे.

"बाई, एक सांगाचं व्हतं. या देवघराच्या साऱ्या फळ्या म्या पालथ्या घालून कापल्या. तोंड खाली करून."

मला वाटलं, यांना काय गरज होती? मुलगा तयार देवघर आणायला टपलेलाच होता.

बाईंनी देवघराचं उघडं दार हळूच मिटलं. "मिस्त्री, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हून तं सांगतलं."

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, आत गेल्या आणि गंगाजलाची कुपी घेऊन आल्या. "तसं मी घरात आलेल्या प्रत्येक वस्तूवर शिंपडतेच," त्या म्हणाल्या. "मिक्सरवरही शिंपडलं होतं." मग देवघरावर पाणी शिंपडलं, आणि उरलेले चार थेंब पुंजाजींच्या करवतीवर. विजेच्या यंत्रावर पाणी पडलेलं पाहून मिस्त्रींनी ती झटकन उचलून सदऱ्याला पुसली.

त्यानंतर पुंजाजी जवळपास पाच वर्षं काम करत होते. देवघर झालं त्या दिवशी दुकानात परतल्यावर मी त्या करवतीचं मागे राहिलेलं खोकं शोधून त्यातलं माहितीचं पुस्तक उघडलं. तिसऱ्या पानावर चित्र काढून दाखवलेलं होतं की चांगली बाजू खाली ठेवा. इतकी वर्षं मी ती पुस्तकं गिऱ्हाइकाला खोक्यासकट देत आलो, एकदाही उघडली नव्हती. हे मी पुंजाजींना सांगितलं तेव्हा ते एवढे हसले की खांदा धरून भिंतीला टेकावं लागलं. गोधडी त्यांच्याबरोबर घरोघर जायची. बाकीचे सुतार आधी चेष्टा करायचे, मग अंगठा फिरवून बघायचे, मग चेष्टा बंद व्हायची. पण शब्द राहिला. आमच्याकडं आता शीट उलटी टाकणं असं कुणी म्हणत नाही. "लोटांगण घालून काप" म्हणतात. मागे जळगाव जामोदकडचा एक सुतार पातं घ्यायला आला, मी नेहमीप्रमाणे शहाणपणा शिकवायला गेलो, तर तो म्हणाला, "माहीत हाय हो, लोटांगन घालूनच कापतो." त्यानं पुंजाजींचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

पुंजाजी गेले त्याला वर्ष होत आलं. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. दिलीप आला होता, खूप रडला. पण मला त्यांचा तो दिवस आठवत नाही. मला आठवतो तो त्याआधीचा एक साधा दिवस.

सकाळची वेळ होती. पुंजाजी दुकानात आले. हातात पिशवी नव्हती. म्हणाले, "भाऊ, परवा रेघ सुटली. सुतभर. एका कपाटाच्या दाराले."

"गिऱ्हाईक काही म्हणालं?"

"कोनाच्या ध्यानातबी नाई आलं. माह्या आलं. ते दार दुसरं करून देल्लं. अन् मंग दिलीपले फोन केला. म्हनलं, बसलो मी."

"काय म्हणाला?"

"म्हने, बाबा, मी तं पाच वर्सापासून हेच म्हनून राह्यलो. म्या म्हनलं, तू म्हनत व्हता ते बसवनं व्हतं, बेटा. हे बसनं हाय."

असं म्हणून त्यांनी स्टूल ओढला आणि बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या दुकानात कधी बसले नव्हते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून ते येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघत राहिले. मी चहा सांगितला, या वेळी दोन. थोड्या वेळानं बघितलं तर त्यांचा डोळा लागला होता. जेवायची वेळ झाली, दुकान बंद करायचं होतं. मी नुसता शटरजवळ उभा राहिलो. त्यांना उठवलं नाही.